खोट सांगितल्याशिवाय चिंचोका नाही

"खोट काय?" डॉक्टर शौकत मुजावर यांनी विचारलं, आणि जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीतल्या त्या हॉलमध्ये सगळे मूग गिळून बसले.

शौकत दातांचे डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावण्यातच त्यांचा जन्म गेला. पण गेली दोन-तीन वर्षं या हॉलमध्ये त्यांची डाळ शिजत नव्हती.

"अहो, बोला की कुणीतरी. एवढी गोष्ट वाचलाय, एक खोट सापडंना?"

"काही नाही बाई. छान आहे," कुंभोजकर वहिनी म्हणाल्या. "मागचीपण छानच होती."

"छान, छान! बारशाला आलाय काय?"

घर सुवर्णा मगदूम यांचं होतं आणि वाचन मंडळही त्यांनीच काढलेलं. शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मुलं त्यांना पाठीमागे 'ॲसिड' म्हणायची आणि हे त्यांना ठाऊक होतं, वर आवडतही होतं. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा हे त्यांचं व्यसन. दरवर्षी वाचकांच्या मतांवर ठरणाऱ्या धूमकेतू पुरस्काराची नामांकनं जाहीर झाली की मंडळ रविवारी दुपारी त्यांच्याकडे जमायचं. नामांकन मिळालेल्या पाचही कथा वाचायच्या, मग टेबलावर पाच वाट्या मांडायच्या आणि आवडलेल्या कथेच्या वाटीत प्रत्येकानं एक चिंचोका टाकायचा. नियम एकच होता, आणि तो सुवर्णाबाईंचा होता. जिला मत देणार त्या कथेतली एक तरी खोट आधी सगळ्यांसमोर सांगायची. खोट सांगितल्याशिवाय चिंचोका नाही. आवडलेल्या माणसाचे दोष आपल्याला पाठ असतात, मग आवडलेल्या गोष्टीचे का नसावेत, असं त्या म्हणायच्या.

या नियमापायी काय भांडणं झाली होती! काळात मागे गेलेला माणूस तिथला चहा पिऊ शकेल का, यावरून सुवर्णाबाई आणि शौकत दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी तिळगूळ द्यायला शौकत आले ते "चहा पिऊ शकतो" असं म्हणतच आत शिरले. मंडळ टिकलं ते या भांडणांवर.

आणि मग उमलपाटी आली.

पाटी म्हणजे हातात धरायचा वाचनाचा पडदा. त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. वाचताना माणसाचा डोळा ओळीवरून सरळ चालत नाही, उड्या मारत जातो. अवघड शब्दापाशी अडखळतो, कंटाळला की तीन-चार शब्द गाळतो, आणि मन गुंतलं की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. हे शास्त्रज्ञांना जुनंच माहीत होतं. नवं एवढंच, की पाटीच्या वरच्या कडेतला मोहरीएवढा कॅमेरा हे सगळं टिपायला लागला, आणि पाटीतली यंत्रबुद्धी त्यावरून पुढचा परिच्छेद नव्यानं मांडायला लागली, तोही वाचणाऱ्याचा डोळा तिथवर पोचायच्या आत. आधी हे अडखळत वाचणाऱ्या शाळेतल्या मुलांसाठी होतं, आणि पुस्तक बघून पळणारी मुलं खरोखरच वाचायला लागली. मग मोठ्यांनाही चटक लागली. धूमकेतूवाल्यांनी तर नियमच केला की नामांकित कथा पाटीवरच वाचायच्या आणि मतही पाटीवरूनच द्यायचं. जाहिरातीत म्हणायचे, 'शब्द तुमचे, गोष्ट लेखकाची.' सगळ्यांना वाटलं, भाषा जरा सोपी होत असेल. होऊ दे की.

यंदाच्या पाच नामांकित कथांमध्ये एक कथा सुवर्णाबाईंच्या मुलीची होती. ऋजुता मगदूम, मुक्काम पुणे. कथेचं नाव 'चाळीस मिनिटं उशिरा'. गुरूच्या चंद्रावर काम करणाऱ्या एका मुलीला पृथ्वीवरून तिच्या आईचा आवाज येतो. अंतर इतकं की आवाज पोचायला चाळीस मिनिटं लागतात. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत प्रश्न शिळा होतो. आई मात्र बोलतच राहते.

सुवर्णाबाईंनी ती एका सकाळी वाचायला घेतली आणि स्वयंपाक तसाच राहिला. शेवटी ती मुलगी आवाज पकडणाऱ्या ग्राहकयंत्राला कान लावून बसते, आईचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकते आणि म्हणते, "बोल आई, मी ऐकतेय." सुवर्णाबाई ढसाढसा रडल्या. मुलीच्या दहावीच्या निबंधापासून आजवर त्यांनी तिच्या लिखाणावर लाल पेनच चालवलं होतं. त्यांनी लगेच फोन लावला. जयसिंगपूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तसंच त्यांचंही बोलणं.

"ऋजू, वाचलो गं तुझी गोष्ट. फार म्हणजे फार आवडली."

ऋजुतानं विचारलं, "खरंच? खोट काय?"

"खोट नाहीच. एकपण नाही."

"बरं," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. आनंदानं झाला असेल, असं सुवर्णाबाईंना वाटलं.

आणि आज, खोट काय म्हणून शौकत घसा कोरडा करत होते ते याच कथेबद्दल.

"माझी तर वाचायचीच राहिलीय," कुंभोजकर सर म्हणाले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता. काळ्या काचांतून पाटीला डोळे दिसत नव्हते, त्यामुळे ती उघडायलाच तयार नव्हती. "मॅडम, पूर्वीसारखं मोठ्यानं वाचून दाखवा की. निदान शेवट तरी."

सुवर्णाबाईंना काय, तेवढंच हवं होतं. त्यांनी आपली पाटी घेतली आणि शेवटचं पान खणखणीत आवाजात वाचलं. "बोल आई, मी ऐकतेय" असं वाचून त्यांनी पाटी खाली ठेवली.

"थांबा, थांबा," शौकत म्हणाले. "हे कुठलं? माझ्यात ग्राहकयंत्र जळतं. ती बिचारी दुरुस्त करायला धडपडते, पण तार मिळत नाही. मी तर यंत्राला शिव्या घातल्या."

"जळतं कुठं?" कुंभोजकर वहिनी म्हणाल्या. "ती त्या इंजिनिअरशी लग्न करते आणि दोघं मिळून आईला आशीर्वाद मागतात."

"कुठला इंजिनिअर?" सुवर्णाबाई आणि शौकत एकदम म्हणाले.

सगळ्यांनी पाट्या उघडल्या. कुणाच्या पाटीवर मुलगी यानात बसून घरी निघाली होती, कुणाच्या पाटीवर आईच चंद्रावर येऊन पोचली होती. ज्याला जे गोड लागतं ते त्याच्या ताटात पडलं होतं. कुणाला खोट कशी दिसणार? खोटेपाशी डोळा अडखळायच्या आत पाटी ती पुसून टाकत होती. आणि सगळे छान छान म्हणून घरी जात होते, म्हणून इतके दिवस हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सुवर्णाबाईंच्या मनात एकच गोष्ट आली. मग ऋजूनं काय लिहिलंय?

त्यांनी आत जाऊन फोन केला.

"ऋजू, तुझ्या गोष्टीचा शेवट काय आहे?"

"तू वाचलास तो."

"माझ्या पाटीवर आला तो शौकतच्या पाटीवर नाही. वहिनींच्या पाटीवर तर लग्न लागालंय."

ऋजुतानं सुस्कारा सोडला. "आई, ते तसंच असतं. करारातच असतं ते. आपण बीज द्यायचं, म्हणजे आपला मूळ मजकूर. पाटी त्याची प्रत्येकासाठी वेगळी गोष्ट करते. शेवटासकट."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"मी रडत फोन केलो तेव्हापण माहीत होतं."

"हो! माहीत होतं!" ऋजुताचा आवाज चढला. "मग काय सांगायला हवं होतं? तू आयुष्यात पहिल्यांदा म्हणालीस की आवडली. माझ्या एका ओळीला तू कधी बरी म्हणाली नाहीस. एवढं एक माझ्याकडे राहू दे ना."

"पण मला आवडली ती तुझी नव्हतीच की गं."

"कौतुक तर माझं होतं!"

सुवर्णाबाई म्हणाल्या, "मला तू लिहिलेली पाहिजे."

"नाही. निकालाआधी मूळ मजकूर कुणाला दाखवला तर नामांकन रद्द होतं. आणि तसं नसतं तरी दिली नसती. तुला नाही सोसायची ती." फोन बंद झाला.

मंडळी घरी गेल्यावर सुवर्णाबाईंनी पाटी पुन्हा उघडली. आता काळजीपूर्वक, प्रत्येक ओळीवर संशय घेत वाचू लागल्या. आणि या खेपेला शेवटाला एक बारीकशी बोच होती. मुलगी "बोल आई" म्हणण्याआधी क्षणभर थांबत होती, जुनं काहीतरी आठवून ओठ चावत होती. सुवर्णाबाईंना वाटलं, हेच ते खरं! आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या डोळ्यांतला संशय पाटीनं पाहिला होता आणि सोसवेल एवढा कडूपणा, चमचाभर औषधासारखा, त्यांना चाटवला होता. त्यांना संताप आला. आपल्या पोरीनं आपल्याला काय सांगितलंय हे ठरवणारी ही पाटी कोण? त्यांनी ती उचलली आणि भांड्यांच्या कपाटात, मोठ्या पातेल्यांच्या मागे टाकून दिली.

त्या आठवड्यात त्यांनी पाचही लेखकांना निरोप धाडले. आमचं मंडळ यंदा मूळ कथाच वाचणार, कागदावर. पाठवायची हिंमत असेल त्यानं पाठवावी. तिघांनी उत्तरच दिलं नाही. बीडच्या एका म्हाताऱ्या लेखकानं मात्र आपली कथा पाठवली. सोबत लिहिलं होतं, 'लोक भेटून माझ्या कथेचे इतके वेगवेगळे शेवट सांगतात, की माझा कुठला हे मीच विसरलो होतो. शोधून काढला. नामांकन गेलं तर जाऊ द्या.' ऋजुतालाही त्यांनी हे कळवलं, पण तिच्याकडून काहीच आलं नाही.

धूमकेतूच्या कार्यालयातून मात्र फोन आला. बोलणारे गृहस्थ अतिशय गोड होते.

"मॅडम, कागदावर वाचून दिलेली मतं बाद होतील, एवढं कळवायचं होतं. आणि तुमच्या कन्येची कथा तर अगदी आघाडीवर आहे. तुमच्याच गावाची मतं गेली तर..."

"तर जाऊ देत."

"तुम्हाला वाचनाचा आनंद मिळावा हाच आमचा हेतू आहे हो."

"आनंद पाहिजे असेल तर मी श्रीखंड खातो," सुवर्णाबाई म्हणाल्या. "गोष्ट मी दुसऱ्याच्या मनातलं कळावं म्हणून वाचतो. माझ्या मनातलं मला माहीत आहे." आणि त्यांनी फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र त्यांना वाटलं, पोरीच्या तोंडचा घास आपण काढून घेतोय का? पाटीवरची गोड गोष्ट खरी मानली असती तर पुरस्कार मिळाला असता, पोरगी खूश, आईही खूश. कुणाचं काय बिघडणार होतं? हा विचार त्यांना त्या दिवशी सोडेना. पण कपाटातली पाटी काही त्यांनी बाहेर काढली नाही.

रविवारी मंडळ जमलं. बीडच्या कथेची चिरफाड नुकतीच झाली होती. शौकत तिच्या प्रेमात पडले होते आणि तिच्यातली एकेक खोट सांगता सांगता त्यांना दम लागला होता. तेवढ्यात दारात ऋजुता उभी राहिली. खांद्याला पिशवी, केस विस्कटलेले, बसच्या प्रवासानं चेहरा उतरलेला. पुण्यात राहून तिचं बोलणं पुणेरी झालं होतं. लहानपणी तीही आईसारखं 'मी येतो, मी जातो' म्हणायची, पण ते कधीच सुटलं होतं. रागावली की मात्र परत यायचं.

"मी करार मोडतोय," ती म्हणाली आणि कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "आता वाच. पण मोठ्यानं, सगळ्यांसमोर. एकपण ओळ गाळायची नाही. लाल पेन घेऊन बस पाहिजे तर."

"नामांकन?"

"सकाळीच कळवलं त्यांना. गेलं." तिनं हनुवटी वर केली. "त्या बीडच्या आजोबांनी पाठवली आणि मी घाबरून बसू? सगळ्या महाराष्ट्राला माझी गोष्ट आवडते म्हणे. कुणी वाचलीय?"

सुवर्णाबाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

पहिल्याच पानावर त्यांची स्वतःशीच गाठ पडली. चंद्रावरच्या मुलीला ऐकू येणारी आई म्हणत होती, 'केस बांधलीस काय? आवाज बसलाय, पुन्हा गार पाणी पिलीस. मागच्या निरोपात दोनदा अडखळलीस, आधी मनात वाक्य तयार करावं, मग बोलावं.' हे सगळं सुवर्णाबाईंच्या तोंडचं होतं, शब्द न् शब्द. हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मुलगी पहिल्यांदा बर्फाखालचं पाणी शोधून काढते आणि आनंदानं आईला सांगते. चाळीस मिनिटं आवाज जायला आणि चाळीस यायला, एवढा वेळ ती यंत्रापाशी बसून राहते. आणि आईचं उत्तर येतं, 'पाणी सापडलं ते ठीक. पण सांगताना केवढी धाप लागली होती तुला.'

इथं सुवर्णाबाईंनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

"मी वाचू का?" शौकत हळूच म्हणाले.

"तू बस खाली."

घोटभर पाणी पिऊन त्यांनी पुढे वाचलं. एकही ओळ गाळली नाही. ऋजुता भिंतीला टेकून उभी होती आणि आईकडे टक लावून बघत होती. शेवटचं पान आलं. आईचा आवाज बोलतोय, बोलतोय. यंत्र धडधाकट आहे, तार शाबूत आहे. आणि मुलगी उठते.

'तिनं स्वतःच्या हातानं ग्राहकयंत्र बंद केलं. आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. तिला वाटलं होतं, आता रडू येईल. रडू आलं नाही. तिला भूक लागली.'

सुवर्णाबाईंनी कागद खाली ठेवले.

आणि मग हॉलमध्ये जो गदारोळ उठला! "अगं, आईचा आवाज बंद करते?" कुंभोजकर वहिनी कडाडल्या. "ही कसली मुलगी?" "बरं केलं," कुंभोजकर सर काळ्या चष्म्याआडून म्हणाले, "मीपण माझ्या बापाचा असाच बंद करायला पाहिजे होता." वहिनी नवऱ्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. शौकत टेबलावर हात आपटून सांगत होते की बर्फ फोडायच्या भागात विज्ञान साफ झोपलंय, तिथल्या थंडीत असली तार तडकेल. ऋजुता त्यांच्या अंगावर धावून गेली, "काका, ती तार तशी नाहीच, दुसऱ्या पानावर दिलंय, नीट वाचा!" कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. किती दिवसांनी त्या हॉलला आपला आवाज सापडला होता.

वाट्या मांडल्या. तीन पालथ्या, दोन उताण्या. शौकतनी ऋजुताच्या डोळ्यांत बघत आपला चिंचोका बीडच्या वाटीत टाकला. "तुझी चांगली आहे. पण ती जास्त चांगली आहे." ऋजुता लालबुंद झाली. पण पाटीवरच्या इतक्या कौतुकांत तिला असं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि मनातून तिला बरंही वाटलं.

शेवटी सुवर्णाबाई उठल्या. चिंचोका मुठीत होता. खिडकीतलं ऊन उतरायला लागलं होतं. मगदूमांच्या घरी जैन रिवाजाप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, आणि एरवी त्यांनी एव्हाना सगळ्यांना हाकललं असतं.

"मॅडम, खोट?" शौकतनी विचारलं. या वेळी मात्र हळू आवाजात.

"लागलं मला," सुवर्णाबाई म्हणाल्या. "आधी ते सांगतो. फार लागलं. मी अशी आहे हे मला माहीत होतं, पण तिकडं चंद्रावर ते असं ऐकू येतं हे माहीत नव्हतं." त्या ऋजुताकडे वळल्या. "आता खोट. शेवटाला एक आहे."

ऋजुता ताठ झाली. "शेवट मी बदलणार नाही. ती यंत्र बंदच करणार."

"करू दे की. बंदच करायला पाहिजे, मी असतो तर दोन पानं आधीच केलो असतो. माझी खोट त्याच्या पुढं आहे. भूक लागली म्हणून लिहिलंस आणि थांबलीस. काय खाल्ली ती?"

"काय?"

"काय खाल्ली ते कुठं लिहिलंयस? एवढ्या लांब, एकटी पोरगी. आईला गप करून उठली, पोटात भूक घेऊन उभी आहे, आणि तू ताट न वाढता गोष्ट संपवलीस. मी वाचणारा आता कसा झोपू?"

बसमधून येताना ऋजुतानं आईच्या शंभर टोमण्यांना उत्तरं तयार ठेवली होती. या एकाला नव्हतं.

सुवर्णाबाईंनी मुलीच्या वाटीत चिंचोका टाकला. मग म्हणाल्या, "सकाळपासून काय खाल्लीयस काय तू?"

"नाही," ऋजुता म्हणाली, आणि गोष्टीतल्या मुलीला न आलेलं रडू तिला आलं.

सूर्य मावळायच्या आत सगळं मंडळ तिथंच जेवलं, कारण भांडण संपलं नव्हतं. जेवण झाल्यावर सुवर्णाबाईंनी दोन्ही वाट्यांतले चिंचोके वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधले, प्रत्येकीवर कथेचं नाव घातलं आणि दोन्ही एका पाकिटात घालून त्यावर धूमकेतूच्या कार्यालयाचा पत्ता लिहिला. आत एक चिठ्ठी ठेवायची होती. त्यांनी लिहिलं, 'ही मतं बाद आहेत हे आम्हाला माहीत आहे. तरी कृपया बाद करण्यापूर्वी मोजावीत.'

ऋजुतानं आईच्या खांद्यावरून ती वाचली. टेबलावरचं लाल पेन उचललं आणि 'कृपया' खोडून टाकलं.

सुवर्णाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं आणि ती तशीच आत घालून पाकीट बंद केलं.